न विचारता काढलेल्या पाठी

मी जन्मभर बायकांच्या पाठी बघितल्या. ब्लाउज शिवणारीला दुसरं काय बघायचं असतं? समोरचं बाई स्वतः आरशात बघते आणि काय चुकलं ते सांगते. पाठ तिला दिसत नाही, ती आमच्या भरवशावर असते. खांद्याची शिलाई मागे सरकली, गळा फाकला, बाहीच्या मुंढ्याखाली चुणी पडली, तर ते रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसतं, तिला एकटीला नाही.

माझी मशीन चिकपेटच्या मागच्या एका गल्लीत होती. आमचं घराणं शिंप्यांचं. बंगळुरात किती पिढ्या झाल्या ते सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी अक्षरं वडिलांनी दुकानातच गिरवून घेतली, तेवढ्यावर हे लिहिते आहे.

उजव्या अंगठ्याचा सांधा कात्रीने खाल्ला. आधी कापणं बंद झालं, मग शिवणं. नवरा गेल्यावर दुकान दिलं आणि मुलीकडे एचएसआर लेआउटला राहायला आले. हात थांबले, पण डोळे थांबेनात. देवळाच्या रांगेत, बसस्टॉपवर, भाजीच्या गाडीपाशी, समोर पाठ आली की मी मुंढा बघायची. एके दिवशी रांगेत पुढे एक बाई होती. काय ब्लाउज होता! पाठीवर एक सुरकुती नाही, हुकांची पट्टी फूटपट्टी लावल्यासारखी सरळ. मुलीचा जुना फोन माझ्याकडे होता. मी फोटो काढला. घरी येऊन बोटांनी मोठा करून बघितला. तेव्हापासून ती सवयच लागली. चांगली शिलाई दिसली तरी काढायची, वाईट दिसली तरी काढायची. वाईट जास्त दिसायची.

विचारायला हवं हे डोक्यातच आलं नाही, असं इथे लिहिणार होते. ते खरं नाही. आलं होतं. पण विचारलं की बाई पदर ओढून घेते, मग बघायला काय राहतं? म्हणून नाही विचारलं.

माझा जावई पुण्याचा. नोकरी कंप्युटरची, आणि शौक फोटोंचा. आमच्या इमारतीत अशा शौकिनांचा एक घोळका आहे. रविवारी पहाटे सगळे तळ्यावर जातात आणि सगळे मिळून एकाच बगळ्याचे फोटो काढतात. एकदा फोन भरला म्हणून मी तो त्यांच्याकडे दिला. ते बराच वेळ बघत बसले.

"आई, हे काय आहे?"

"पाठी आहेत."

"अहो, ते दिसतंय. किती आहेत! हे तर प्रोजेक्ट आहे. आम्ही सगळे बगळे काढतोय आणि तुम्ही घरात बसून हे करताय?"

"घरात बसून नाही, बसस्टॉपवर."

मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अम्मा, लोक मारतील तुला एक दिवस."

जावई हसले. मीही हसले. मारतील हे तिने उगाच म्हटलं नव्हतं, पण तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

फोनची अडचण अशी की लांबून काढलेला फोटो मोठा केला की त्याचं पिठलं होतं. मला टाका बघायचा असायचा. हातशिलाई आहे की मशीनची, काज भरले आहेत की नुसते कापले आहेत, ते काही दिसत नसे. जावई म्हणाले, तुम्हाला खरा कॅमेरा हवा. माझ्यासारखा मोठा नको, तुमचा अंगठा नाही टिकायचा. छोटा मिररलेस घ्या. आत आरसा नसतो म्हणून अंग लहान, वजन कमी, आणि लेन्स बदलता येते. मी म्हटलं बघू. माझे दुकानाचे पैसे होते, मागायचे कोणाकडे नव्हते. मागावे लागले असते तर विषय तिथेच संपला असता.

ते मला कॅमेऱ्यांच्या दुकानात घेऊन गेले. तिथला माणूस जावयांशीच बोलत राहिला. कॅमेरा मला हवा आहे हे त्याला दोनदा सांगावं लागलं. मग त्याने तीन काढून काचेवर ठेवले. एकावर वरती आकड्यांची चाकं होती, आमच्या मशीनवर टाका लहानमोठा करायचं चाक असतं तशी. तो मला बघताक्षणी आवडला. पण महाग होता आणि जडही. दुसऱ्याला कोपऱ्यात डोळा लावायची लहान खिडकी होती, आणि बटण दाबलं की खटक असा आवाज यायचा. तिसरा चपटा, साबणाच्या वडीएवढा. त्याला खिडकी नाही, मागचा पडदा मात्र वर उचलून आडवा करता येई.

"हा बघा," जावई म्हणाले. "हा पोटापाशी धरायचा आणि वरून पडद्यात बघायचं. रस्त्यावर फोटो काढणारे हाच घेतात. आणि आवाज पूर्ण बंद करता येतो. कोणाला कळतसुद्धा नाही."

मी तो पोटापाशी धरला. दुकानातला माणूस पाठ करून डबे लावत होता. त्याच्या शर्टाचा मागचा खांदा बघून बटण दाबलं. काही आवाज आला नाही. तो डबे लावत राहिला. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती, तेव्हा वाटली नाही.

तिथे कॅमेरे भाड्यानेही मिळतात. जावई म्हणाले, आधी शनिवार ते सोमवार वापरून बघा, मग ठरवा. सरी, बरं, म्हटलं.

शनिवारी मी एकटी बसने मार्केटला गेले. बायकांना बस फुकट आहे, त्यामुळे बसमध्येही पाठी पुष्कळ. फुलांच्या बाजारात आत गेले. ओल्या फरशीवर शेवंतीचे ढीग, वर पांढरे दिवे, आणि बायकाच बायका. मी भिंतीला टेकून उभी राहिले, साबणाची वडी पोटापाशी. म्हातारी काहीतरी धरून उभी आहे, एवढंच लोकांना दिसत होतं. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. इतकी वर्षं मला त्याचं वाईट वाटत आलं होतं, त्या दिवशी ते कामाला आलं.

तिथे एक बाई केळीच्या पानांचा भाव करत होती. हिरवा ब्लाउज. उजवी बाही नीट बसलेली. डावी मात्र ढगळ, आणि तिच्यात कोपरापर्यंत वेगळ्या हिरव्याची पट्टी घातलेली. त्या ओढीने मागचा गळा एका बाजूला गेलेला, मुंढ्याजवळ सेफ्टी पिन. कुठल्या गाढवाने शिवलं हे, असं मनात आलं. फोटो काढला. पुढे सरकून आणखी एक काढला. पिन साफ दिसली. मग मी खूश होऊन घरी आले.

रविवारी संध्याकाळी त्या घोळक्याची बैठक इमारतीच्या क्लबहाउसमध्ये असते. मोठ्या पडद्यावर एकेकाचे फोटो लावतात. त्या दिवशी जावयांनी माझे लावले. मला पुढे खुर्ची दिली. पहिल्या काही फोटोंत साध्या ब्लाउजवर काळे पट्टे दिसत होते. मी म्हटलं हे कापड असं नव्हतं. जावयांनी समजावलं, आवाज बंद ठेवला की तसल्या दिव्यांखाली असे पट्टे येतात, कॅमेरा फोटो वरून खाली वाचत जातो आणि दिवा मध्ये लुकलुकतो. मी म्हटलं, "म्हणजे चोरून बघितलं की डाग पडतो." सगळे हसले. मला बोलायला चेव आला. चाळीस माणसांच्या समोर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

मग एकेका पाठीवर मी बोलत गेले. ही हुकाची पट्टी घाईत लावली आहे. ही बाई शिवल्यानंतर जाड झाली आहे, शिंप्याचा दोष नाही. हिने नवऱ्याशी भांडून रेडिमेड घेतला आहे. लोक खो खो हसत होते. आणि तो हिरवा ब्लाउज आला.

"हा शिंपी," मी म्हटलं, "एक बाही शिवून जेवायला गेला. येईपर्यंत माप विसरला. आणि मग जोड लावून, पिन मारून बाईला वाटेला लावलं."

सगळ्यात मोठा हशा त्याला आला. एक मुलगा म्हणाला, "आंटी, तुम्ही चॅनल काढा." मागच्या बाजूला आमच्या मजल्यावरची एक बाई बसली होती. पन्नाशीची, बँकेत नोकरी करणारी, नेहमी लांब बाह्यांचे कुर्ते घालणारी. ती म्हणाली, "पुढचा लावा." मला वाटलं तिला उशीर होतोय.

बैठक संपल्यावर दाराशी चपला घालताना ती माझ्या शेजारी आली.

"अक्का," ती कन्नडमध्ये म्हणाली, "ती बाही मुद्दाम तशी आहे."

"मुद्दाम म्हणजे?"

"छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं की त्या बाजूचा हात सुजतो. सगळ्यांचा नाही, काहींचा. माझ्या सगळ्या कुर्त्यांना डाव्या बाजूला आतून जोड आहे. तुम्ही शिवणाऱ्या, तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं." तिने चपलेचा पट्टा लावला. रागावली नव्हती. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. "बर्तीनि अक्का, येते," म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

मी जिन्याने वर आले.

मला ठाऊक होतं. हेच सांगायचं आहे. माझ्या दुकानात अशा बायका आल्या होत्या, एक नाही, पुष्कळ. दुपारी गिऱ्हाईक नसताना यायच्या. काउंटरवर कापड ठेवून उगाच रंगाचं बोलत बसायच्या. मला कळायचं. मी दोन्ही हातांचं माप वेगळं घ्यायची, दंडाचं, कोपराचं, मनगटाचं. त्या बाजूला आतून अस्तर जास्त, बाहीला चौकोनी कळी, आणि वाढवायला शिलाईत माया सोडलेली. नवरा शेजारच्या मशीनवर असे. अशी बाई आली की तो न सांगता चहाला उठून जाई. आम्ही घरीसुद्धा त्यावर बोलत नसू. हातात टेप होती तोवर मी कोणाच्या अंगाला हसले नाही. हातात कॅमेरा आला आणि दोन दिवसांत हसले, तेही चाळीस माणसांना गोळा करून.

टेप घेऊन बाईजवळ जावं लागतं. ती दोन्ही हात वर करते, श्वास धरते, काय दुखतं ते सांगते. भिंतीला टेकून काढलेल्या फोटोत ती काही सांगत नाही. मग मला कापड दिसलं आणि बाई दिसली नाही. त्या बाईने तो जोड बहुतेक स्वतः घातला असेल, एका हाताने.

सोमवारी कॅमेरा परत द्यायचा होता. सकाळी पुन्हा मार्केटला गेले. ती बाई शोधायला गेले असं म्हणवत नाही. भेटली असती तर काय सांगणार होते? मला एवढंच बघायचं होतं की विचारून जमतं का.

पहिलीला कन्नडमध्ये विचारलं, तुझ्या पाठीचा एक फोटो काढू का. ती हार ओवत होती. "पाठीचा? माझ्या तोंडाला काय झालं?" शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "बघ, हिला माझी पाठ पाहिजे." दुसरी म्हणाली, "सरकारची माणसं असतात अशी. देऊ नकोस." तिसरीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "बेडा", नको, एवढंच म्हणाली. भर बाजारात माझे कान तापले. काढायच्या आधी नकार ऐकणं हे माझ्या सवयीचं नव्हतं. दुकानात बाया माझ्याकडे यायच्या, मी कोणाकडे गेले नव्हते.

शेवटी हार ओवणारीच म्हणाली, "या अम्मा, काढा एकदाचा, सकाळपासून तोंड पाडून फिरताय." ती उठली, पदर झटकून खांद्यावरून पुढे घेतला, वेणी पुढे टाकली, आणि शाळेत कवायतीला उभं राहतात तशी ताठ उभी राहिली. ब्लाउज रेडिमेड, त्यात बघण्यासारखं काही नाही. मी दोन्ही हातांनी कॅमेरा तोंडासमोर धरला आणि काढला. "झालं?" म्हणून ती मध्येच वळली. झालं म्हटलं. तिने फोटो बघितला. "माझी मान एवढी काळी आहे?" म्हणाली आणि पुन्हा हाराला बसली.

संध्याकाळी जावयांबरोबर दुकानात गेले. त्यांनी साबणाची वडी काचेवर ठेवून म्हटलं, "मग हाच ना?"

"नाही. खिडकीवाला."

"का? तुम्हाला तर हा एकदम पसंत पडला होता."

"पट्टे येतात त्याच्यात. आणि आवाज येऊ दे. म्हणजे काढला की नाही ते कळतं."

दुकानदार म्हणाला, याच्यातही आवाज चालू ठेवता येतो. जावई म्हणाले, तोच हलका आहे. मी हट्टाला पेटले. मला तो हवा होता जो डोळ्याला लावल्याशिवाय काही दिसत नाही. डोळ्याला लावला की समोरच्याला कळतं की ही बाई फोटो काढते आहे. हे मी बोलले नाही. पट्ट्यांवरच अडून बसले. जावई दुकानदाराला कौतुकाने म्हणाले, "बघा, आमच्या आईंना टेक्निकल कळतं." त्या खिडकीवाल्याचाही पडदा उचलता येतो आणि आवाज बंद करता येतो, हे दुकानदाराने मला तेव्हाच दाखवलं. मी बघितलं नाही असं केलं. बघितलं होतं.

इथवर सगळं माझ्यापाशी राहिलं असतं. पण आमच्या टीव्हीला एक खोड आहे. तो नुसता ठेवला की जावयांच्या कंप्युटरमधले फोटो एकामागून एक दाखवत बसतो. माझे सगळे त्यांनी त्यात टाकले होते. त्या आठवड्यात मुलगी ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेलेली. मी आणि जावई जेवत होतो आणि भिंतीवर तो हिरवा ब्लाउज आला. पिन, जोड, वाकडा गळा. माझ्या पाठीएवढी मोठी पाठ.

"हा तुमचा बेस्ट फोटो आहे आई," ते भाताचा घास घेत म्हणाले. "हा मी प्रिंट करून घेणार आहे."

जावयाशी बोलायच्या गोष्टी वेगळ्या आणि न बोलायच्या वेगळ्या, अशी आमच्याकडे रीत आहे. बाईच्या अंगाचं तर नावच नाही. मी ताटाकडे बघून म्हटलं, "तो काढून टाका."

"का हो?"

"ती बाई आजारी आहे. छातीचं ऑपरेशन झालेली. म्हणून बाही तशी. मला ठाऊक असायला हवं होतं, आणि मी सगळ्यांना हसवलं."

त्यांनी घास खाली ठेवला. फोटो बदलला, दुसरी कोणाची तरी पाठ आली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी नाव घेतलं नाही. "सांगितलं कोणीतरी."

"मग पट्टे वगैरे..."

"पट्टे येतात हे खरंच आहे," मी म्हटलं. "पण खिडकीवाला त्यासाठी नाही घेतला."

त्यांनी हात धुतला, कंप्युटर आणून टेबलावर उघडला आणि तो फोटो पुसला. दुसराही पुसला, जवळून घेतलेला. मग मला म्हणाले, "आणि बाकीच्यांना विचारलं होतं?"

"नाही."

मला वाटलं ते म्हणतील राहू दे, काय होतंय. ते कोणाला दुखवत नाहीत. पण ते एकेक फोटो उघडत गेले. "हिला?" नाही. "हिला?" नाही. ती देवळातली, सुरकुती नसलेली पाठ आली. तिच्यावर मी जरा थांबले. "हिलाही नाही," म्हटलं. बटण दाबून त्यांनी तीही पुसली. त्या बाईचा शिंपी कोण ते मला आता कधी कळणार नाही. ताटं वाळली. मला सगळ्यात जास्त लाज त्या वेळी वाटली, क्लबहाउसमध्ये नाही, बाजारात नाही. नाही, नाही म्हणत मी जावयासमोर बसले होते, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

शेवटी ती हारवाली आली. ताठ खांदे, वेणी पुढे, मान अर्धी वळलेली.

"हिला?"

"हिला विचारलं होतं."

त्यांनी तो मोठा केला, पुन्हा लहान केला. खोटं बोलणं त्यांना जमत नाही.

"आई, हा फोटो काही खास नाही आलेला."

"माहीत आहे," मी म्हटलं. "राहू दे."